"आर यू कन्व्हीनिअंट?" : चिनी भाषक विद्यार्थ्यांची न सुटणारी चूक आणि तिच्यावरचा उपाय

चिनी भाषकांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणाऱ्यांना, किंवा निंगबो-शेनचेनच्या पुरवठादारांशी रोज मेसेजवर बोलणाऱ्यांना, हे वाक्य चांगलंच ओळखीचं असेल : "आर यू कन्व्हीनिअंट टुमॉरो?" विचारायचं एवढंच असतं की उद्या तुम्हाला जमेल का. चूक दाखवली की विद्यार्थी ती लगेच मान्य करतो, दुरुस्त वाक्य वहीत लिहून घेतो, आणि पुढच्या मेसेजात पुन्हा "व्हेन यू आर कन्व्हीनिअंट" असं लिहून मोकळा होतो. मॅनेजरच्या हुद्द्यावरची, एरवी सफाईदार इंग्रजी लिहिणारी माणसंही हेच करतात.

हे नियम माहीत नसल्यामुळे होतं असं समजून आपण पुन्हा नियमच सांगत बसतो. पण नियम त्यांना माहीत असतो. चीनमध्ये 2001 पासून टप्प्याटप्प्याने तिसरीपासून इंग्रजी सुरू झालं, आणि कन्व्हीनिअंट हा शब्द तिथल्या परीक्षांचा आवडता विषय आहे. सराव-पुस्तकांतून वर्षानुवर्षं फिरणारा एक प्रश्न आहे : "कम अँड सी मी व्हेनेव्हर...", आणि पुढे चार पर्याय. "यू आर कन्व्हीनिअंट" हा त्यातला सापळा, आणि "इट इज कन्व्हीनिअंट टु यू" हे उत्तर. त्या प्रश्नाला बरोबर खूण करणारा माणूसच संध्याकाळी सहकाऱ्याला "आर यू कन्व्हीनिअंट नाऊ?" असं विचारतो. माझं ठाम मत असं झालं आहे की ही चूक शब्दार्थाचीही नाही आणि निव्वळ व्याकरणाचीही नाही. त्या माणसाला अदबीने काहीतरी विचारायचं असतं, आणि त्या अदबीसाठी इंग्रजीत कोणतं वाक्य वापरतात हे त्याला कुणी दिलेलं नसतं. ते वाक्य हातात दिल्याशिवाय नियम कितीही घोकून घेतला तरी चूक परत येणार.

आधी चूक नीट पाहू

नमुन्यादाखल असा एक मेसेज घ्या. पुरवठादाराकडून पुण्यातल्या ग्राहकाला आलेला :

"डिअर सर, आर यू कन्व्हीनिअंट टु हॅव अ कॉल टुनाइट? इफ यू आर नॉट कन्व्हीनिअंट, प्लीज टेल मी. अबाउट द प्राइस, आय ॲम नॉट कन्व्हीनिअंट टु से इन द ग्रुप."

एकाच मेसेजात शब्द तीनदा आला आहे आणि बहुतेक शिक्षक तिन्ही ठिकाणी एकच लाल खूण करतील. तिथेच गाडं अडतं. पहिल्या वाक्यात वेळ विचारली आहे. दुसऱ्यात समोरच्याला "नाही" म्हणायची मोकळीक दिली आहे. तिसऱ्याचा वेळेशी काही संबंध नाही. किमतीबद्दल सगळ्यांसमोर बोलता येणार नाही, असं ते सांगणं आहे. तिसऱ्या वाक्याची "दुरुस्ती" करून "इट इज नॉट कन्व्हीनिअंट फॉर मी टु से इन द ग्रुप" असं लिहून दिलं, तर व्याकरण सुधारतं, पण वाचणाऱ्याला वाटतं की ग्रुपवर टाइप करायचा ह्याला कंटाळा आला आहे.

ह्या तिन्हींच्या मागे एकच चिनी शब्द आहे : फांगब्येन.

फांगब्येनचा पसारा

शब्दकोश उघडला तर फांगब्येनपुढे कन्व्हीनिअंट असं लिहिलेलं सापडतं, आणि ते चूक नाही. घर मेट्रोजवळ आहे, पैसे मोबाइलवरून देता येतात, ह्याला चिनी माणूस फांगब्येन म्हणतो आणि इंग्रज कन्व्हीनिअंट म्हणतो. पण चिनी शब्द तिथे थांबत नाही. फोन लागल्यावर "नी श्यानझाय शुओह्वा फांगब्येन मा?" असं विचारतात, म्हणजे आत्ता बोलता येईल का, आजूबाजूला कुणी नाही ना, मीटिंगमध्ये नाही ना. पाय दुखतात, जिना चढवत नाही, तर पाय "बू फांगब्येन". हातात पैसे नाहीत, तर हात "बू फांगब्येन". एखादी गोष्ट उघड करता येत नाही, तर ती सांगायला "बू फांगब्येन". झटपट होणाऱ्या नूडल्स चीनमध्ये "फांगब्येन-म्येन". शौचाला जाऊन येतो हेसुद्धा सभ्यपणे ह्याच शब्दात सांगतात.

शब्दाचा इतिहास मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा आहे. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत संस्कृत "उपाय" ह्या संकल्पनेसाठी हाच शब्द वापरला गेला. कुमारजीवाने इसवी सन 406 मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचं भाषांतर केलं, त्यातल्या दुसऱ्या प्रकरणाचं, म्हणजे उपायकौशल्याच्या प्रकरणाचं, नावच "फांगब्येन" आहे. समोरच्याची कुवत आणि परिस्थिती ओळखून त्याला पेलेल अशी वाट काढणं, हा तिथला अर्थ. आजच्या बोलण्यातला वापर थेट तिथून आला असं मला म्हणायचं नाही. पण "आधी समोरच्याची परिस्थिती बघायची" ही दृष्टी आजच्या "नी फांगब्येन मा?" ह्या प्रश्नातही आहे, आणि विद्यार्थ्याला तीच इंग्रजीत न्यायची असते.

इंग्रजी शब्दाची घडण वेगळी आहे. लॅटिनमधल्या ज्या क्रियापदापासून तो आला त्याचा अर्थ एकत्र येणं, जुळणं. म्हणजे काहीतरी कुणाला तरी जुळतं. जे जुळतं ते वाक्याचा कर्ता : वेळ, जागा, व्यवस्था, पद्धत. ज्याला जुळतं तो माणूस "फॉर" लावून मागे येतो. "इज सेव्हन ओ'क्लॉक कन्व्हीनिअंट फॉर यू?" माणसालाच कर्त्याच्या जागी बसवलं की अर्थ उलटतो. तो माणूसच दुसऱ्या कुणाला तरी सोयीचा ठरतो, हाताशी असलेला, गरजेला वापरता येण्यासारखा. चांगल्या ओळखीच्या माणसाला "आर यू कन्व्हीनिअंट?" असं विचारलं तर तो समजून घेईल. अनोळखी माणसाला ते खटकतं, आणि कधीकधी त्यातून भलताच अर्थ निघू शकतो.

चिनी वाक्य माणसापासून का सुरू होतं

"वो मिंगथ्येन बू फांगब्येन." शब्दाला शब्द ठेवला तर : मी, उद्या, नाही, सोयीचं. ह्यातला "मी" इंग्रजीतल्या "आय"सारखा कर्ता नाही. तो विषय आहे. माझं म्हणाल तर, उद्या सोयीचं नाही. चिनी वाक्याची ही रीत भाषाशास्त्रात चांगली अभ्यासलेली आहे. युअन रेन चाओ यांनी 1968 मध्ये चिनी वाक्याची विभागणी "विषय आणि त्याबद्दलचं विधान" अशी मांडली. चार्ल्स ली आणि सँड्रा थॉम्पसन यांनी 1976 मध्ये भाषांची विषयप्रधान आणि कर्ताप्रधान अशी वर्गवारी केली तेव्हा चिनी पहिल्या गटात धरली आणि इंग्रजी दुसऱ्या. "हत्ती नाक लांब" हे चिनीत पूर्ण, निर्दोष वाक्य आहे. तिथे हत्ती लांब आहे असं कुणी समजत नाही. तसंच "मी उद्या नाही सोयीचं" ह्यात मी सोयीचा नाही असं कुणी समजत नाही.

शिवाय चिनीत "मला" आणि "मी" ह्यांत फरक करणारा प्रत्यय नाही. दोन्हीकडे "वो"च. विशेषणाआधी "आहे" लागत नाही. त्यामुळे इंग्रजीत येताना विद्यार्थी "वो"च्या जागी "आय" ठेवतो, मध्ये "ॲम" घालतो, पुढे "नॉट कन्व्हीनिअंट" लिहितो. त्याच्या दृष्टीने त्याने इंग्रजीला हवं असलेलं "ॲम" न विसरता घातलेलं असतं.

मराठी माणसाला इथे आयता फायदा आहे, आणि तोच आपल्याला आडवाही येतो. "मला उद्या सोयीचं नाही" ह्यातला "ला" आपण विचार न करता लावतो. "फॉर मी" म्हणजे तोच "ला". म्हणून ही चूक मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांत सहसा दिसत नाही, आणि म्हणूनच समोरच्याला इतकी साधी गोष्ट का कळत नाही असं आपल्याला वाटतं. त्याच्या भाषेत "ला" नाही. त्याला तो शोधायला सांगण्यात अर्थ नाही.

"फ्री" का पुरत नाही

सगळ्यात प्रचलित दुरुस्ती म्हणजे "आर यू फ्री टुमॉरो?" असं शिकवणं. वाक्य बरोबर आहे, रोजचं आहे, आणि मित्रमंडळींत तेच वापरावं. पण विद्यार्थी ते साहेबांना लिहायला धजत नाही, आणि त्याचं कारण रास्त आहे. चिनीत त्याच्यासाठी वेगळा प्रश्न आहे : "नी यौ खोंग मा?", म्हणजे वेळ मोकळा आहे का. तो वेळेपुरता प्रश्न. फांगब्येन विचारताना वेळ, जागा, आजूबाजूची माणसं, मनःस्थिती हे सगळं त्यात येतं, आणि मुख्य म्हणजे "नाही" म्हणायला कारण द्यावं लागत नाही. वरिष्ठाला "तुम्ही रिकामे आहात का" असं विचारल्यासारखं त्याला "फ्री"मध्ये वाटतं.

आपल्याकडे ह्या जागी "जमेल का" आहे. "उद्या अकराला जमेल का?" ह्यात वेळ, परिस्थिती, नकाराची मोकळीक सगळं बसतं, आणि माणूस "तुम्हाला" असा येतो. इंग्रजीत "जमेल का"ची जागा घेणारी वाक्यं भरपूर आहेत आणि ती चिनी पाठ्यपुस्तकांच्या बाहेर राहिल्यासारखी वाटतात :

"वुड इलेव्हन वर्क फॉर यू?"
"डझ थर्सडे सूट यू?"
"इज धिस अ गुड टाइम टु टॉक?"
"वुड यू बी अव्हेलेबल ऑन फ्रायडे आफ्टरनून?"

शेवटच्या वाक्याकडे विद्यार्थ्याचं लक्ष मुद्दाम वेधा. अव्हेलेबल हे विशेषण माणसाला चालतं, अदब राखतं आणि वाक्याची सुरुवात "यू"पासून होऊ देतं. ज्याला माणसापासून वाक्य सुरू करायची सवय आहे त्याची सवय मोडण्यापेक्षा त्याला त्याच जागी बसणारा दुसरा शब्द देणं सोपं जातं. माझ्या अनुभवात हा एक बदल सगळ्यात लवकर अंगवळणी पडतो. "आर यू कन्व्हीनिअंट" लिहिता लिहिता हात "आर यू अव्हेलेबल"कडे वळतो.

वेळ ठरवताना मात्र नुसतं "टुनाइट" न लिहिता घड्याळातली वेळ लिहायची सवय लावा. त्याने कन्व्हीनिअंटला योग्य कर्ता आपोआप मिळतो. चीनचं घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे असतं. "इज सेव्हन पी.एम. इंडिया टाइम कन्व्हीनिअंट फॉर यू?" असं लिहिलं की निंगबोच्या माणसाला कळतं की त्याच्याकडे साडेनऊ वाजलेले असतील, आणि वाक्यही निर्दोष होतं.

रिकाम्या जागेची चाचणी

विद्यार्थ्याला स्वतःची चूक स्वतः पकडता यावी म्हणून मी नियमाऐवजी एक प्रश्न देते. कन्व्हीनिअंट लिहायच्या आधी विचारायचं : काय जुळतंय? वेळ, जागा, वस्तू की पद्धत? ह्या चौघांपैकी एक सापडलं तर ते कर्त्याच्या जागी ठेवायचं, किंवा "इट" ठेवून ते मागे टाकायचं. काहीच सापडलं नाही तर कन्व्हीनिअंट हा तिथला शब्दच नाही. दुसरा शोधायचा.

वरच्या मेसेजाला ही चाचणी लावून बघा. रात्रीचा कॉल : वेळ सापडते, म्हणून "वुड टुनाइट ॲट सेव्हन बी कन्व्हीनिअंट फॉर यू?" ग्रुपमध्ये किंमत सांगणं : वेळ नाही, वस्तू नाही, पद्धत म्हणावी तर तीही नाही. सांगायची मुभा नाही. म्हणून "आय'ड रादर नॉट डिस्कस द प्राइस इन द ग्रुप. कॅन आय मेसेज यू सेपरेटली?" आजोबांचे पाय "कन्व्हीनिअंट नाहीत" : काहीच सापडत नाही, म्हणून "माय ग्रँडफादर हॅज ट्रबल वॉकिंग". हातात पैसे नाहीत : "आय'म अ बिट शॉर्ट ॲट द मोमेंट". नाव उघड करता येत नाही : "आय'म नॉट ॲट लिबर्टी टु से", आणि ते फार औपचारिक वाटलं तर साधं "आय कान्ट रिअली से".

ही चाचणी बळकट असण्याचं कारण, ती विद्यार्थ्याला चिनी शब्दापासून अर्थाकडे नेते. "माणूस कर्ता चालत नाही" हा नियम त्याला चुकीच्या शब्दासकट बरोबर व्याकरणाकडे नेतो. "इट इज नॉट कन्व्हीनिअंट फॉर माय ग्रँडफादर टु वॉक" हे त्याच नियमाचं फळ आहे.

चूक सुधारल्यावर दिसणारी दुसरी चूक

नियम पक्का झालेले विद्यार्थी पुढच्या टप्प्यात प्रत्येक विनंतीला "इज इट कन्व्हीनिअंट फॉर यू टु" जोडू लागतात. "इज इट कन्व्हीनिअंट फॉर यू टु सेंड मी द फाइल?" "इज इट कन्व्हीनिअंट फॉर यू टु टेल मी युअर नेम?" व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही, म्हणून शिक्षक सोडून देतात. पण नाव सांगायला सोय-गैरसोय कसली? इंग्रजीत इथे "कुड यू सेंड मी द फाइल?" पुरतं, आणि ते अजिबात उद्धट नाही. "कुड" हा शब्द किती नम्र आहे ह्यावर चिनी विद्यार्थ्यांचा विश्वास बसायला वेळ लागतो. विशेषण दिसत नाही म्हणजे अदब नाही, असं त्यांना वाटत राहतं.

नकाराची बाजू त्याहून नाजूक आहे. चिनीत "बू थाय फांगब्येन", म्हणजे फारसं सोयीचं नाही, हा मऊ नकार आहे. कारण विचारायचं नाही, हे दोघांना कळतं. कुणाचाच मान दुखावत नाही. तेच इंग्रजीत "इट इज नॉट कन्व्हीनिअंट फॉर मी" असं उतरलं की कोरडं, जरा वरच्या पट्टीतलं ऐकू येतं. आमंत्रण देणाऱ्याला वाटतं, माझ्यासाठी हिला थोडीही तसदी घ्यायची नाही. इंग्रजीत नकारासोबत हळहळ आणि दुसरा पर्याय अपेक्षित असतो : "आय'म अफ्रेड आय कान्ट मेक इट ऑन सॅटर्डे. वुड संडे वर्क?" कारण दिलं नाही तरी चालतं. "आय'म अफ्रेड" आणि दुसरा पर्याय ह्यांनीच मऊपणा येतो. ही एक गोष्ट समजावायला मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ देते, कारण इथे चुकलं तर विद्यार्थ्याला कुणी दुरुस्त करत नाही. समोरचा फक्त पुन्हा बोलावत नाही.

ह्याच पंगतीतलं तिसरं : "प्लीज रिप्लाय ॲट युअर कन्व्हीनिअन्स." चिनी विनंतीत "तुमच्या सोयीने" हे शब्द अदबीपोटी येतात आणि काम तातडीचं असलं तरी येतात. इंग्रजी वाचणारा ते शब्दशः घेतो : घाई नाही, सवडीने करा. मग तो सवडीने करतो. "ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनिअन्स" ह्यात घाई आहे, पण त्या शब्दांना सरकारी पत्राचा वास आहे आणि काहींना तो दट्ट्या वाटतो. माल बुधवारी बोटीवर चढवायचा असेल तर "कुड यू प्लीज कन्फर्म बाय ट्यूसडे?" असं तारखेनिशी लिहायला शिकवा. तारीख लिहिणं असभ्य नाही, हेही सांगावं लागतं.

ठरावीक वाक्यं, ठरावीक दुरुस्त्या

"द ट्रॅफिक हिअर इज व्हेरी कन्व्हीनिअंट." शांघायच्या कुठल्याही फ्लॅटचं वर्णन करताना हे येणारच. इथे कन्व्हीनिअंट निर्दोष आहे, चूक ट्रॅफिकची आहे. चिनीतल्या "जियाओथोंग"मध्ये रस्त्यावरची गर्दीही येते आणि बस-मेट्रोची सोयही. इंग्रजीत ट्रॅफिक म्हणजे रस्त्यावर धावणारी, बहुतेकदा अडकलेली वाहनं. "पब्लिक ट्रान्सपोर्ट इज व्हेरी कन्व्हीनिअंट हिअर" किंवा सरळ "इट'स ईझी टु गेट अराउंड".

"कन्व्हीनिअंट स्टोअर" लिहू देऊ नका. "कन्व्हीनिअन्स स्टोअर". नूडल्सना "इन्स्टंट".

निबंधांत "मोबाइल फोन्स ब्रिंग अस मच कन्व्हीनिअन्स" हे वाक्य हमखास येतं. ते चूक म्हणवत नाही, पण चिनी निबंधाबाहेर कुणी असं लिहीत नाही. "फोन्स मेक लाइफ ईझिअर" म्हणजे झालं. आणि चिनीत फांगब्येन क्रियापदासारखा चालतो, ग्राहकांना "सोयीचं करतो". त्यावरून कुणी "टु कन्व्हीनिअंट द कस्टमर्स" लिहिलं तर "फॉर अवर कस्टमर्स' कन्व्हीनिअन्स" करून द्यावं. इथे उलट्या बाजूचा एक पेच आहे : "इनकन्व्हीनिअन्स" मात्र क्रियापद म्हणून चालतं. "सॉरी टु इनकन्व्हीनिअन्स यू" बरोबर आहे. विद्यार्थी ह्यावर हटकून प्रश्न विचारतात, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

"फॉर यू" की "टु यू"? परीक्षेतल्या त्या प्रश्नाने "टु यू" पक्कं केलं आहे. शब्दकोशांतही ते सापडतं, पण आजच्या बोलण्यात माणसासाठी "फॉर"च येतं, "टु यू" जुनाट वाटतं. "टु" राहिलं आहे ते जागेसाठी, तेही अमेरिकेत : "कन्व्हीनिअंट टु डाउनटाउन". ब्रिटनमध्ये तिथेही "फॉर" : "कन्व्हीनिअंट फॉर द स्टेशन". आणि इथेच नियमाला एक खरा अपवाद आहे. ब्रिटनमधलं हॉटेल आपल्या जाहिरातीत "वुई आर व्हेरी कन्व्हीनिअंट फॉर द एअरपोर्ट" असं लिहू शकतं. कर्ता "वुई" आहे, तरी वाक्य निर्दोष आहे, कारण ते "वुई" म्हणजे हॉटेलची जागा. हुशार विद्यार्थी असलं वाक्य शोधून आणतो आणि विचारतो, मग माणूस कर्ता चालतो की! रिकाम्या जागेची चाचणी इथेही टिकते. काय जुळतंय? जागा.

"हाऊ कन्व्हीनिअंट!" ह्याबद्दल सावध करा. यजमानाने विमानतळावर गाडी पाठवली आणि विद्यार्थ्याने भरल्या मनाने हे म्हटलं, तर ऐकणारा क्षणभर दचकेल. ह्या उद्गारात बऱ्याचदा संशय असतो : नेमकं ह्याच वेळी बरं सुचलं! "अ कन्व्हीनिअंट एक्स्क्यूज" म्हणजे पथ्यावर पडणारी सबब. "दॅट'स रिअली कन्व्हीनिअंट, थँक यू" ह्यात तो धोका नाही.

हीच खोड दुसऱ्या विशेषणांत

कन्व्हीनिअंट सुटलं तरी त्याची भावंडं मागे राहतात. "आय ॲम इम्पॉसिबल टु कम." "यू आर नेसेसरी टु साइन." "आय ॲम डिफिकल्ट टु अंडरस्टँड हिम." सगळीकडे चिनी विषय इंग्रजी कर्ता होऊन बसला आहे. "इट इज" घातलं की बहुतेक सुटतात.

ईझी मात्र नुसतं चूक होत नाही, अर्थ बदलून टाकतं. चिनीत "वो रोंगयी वांग" म्हणजे मी पटकन विसरतो. त्याचं इंग्रजी विद्यार्थी करतो "आय ॲम ईझी टु फर्गेट", आणि हे वाक्य इंग्रजीत व्याकरणशुद्ध आहे! फक्त त्याचा अर्थ, लोक मला सहज विसरतात. 1960च्या दशकात नोम चॉम्स्की यांनी "जॉन इज ईझी टु प्लीज" आणि "जॉन इज ईगर टु प्लीज" ही जोडी पुढे ठेवली ती ह्याच मुद्द्यासाठी. दिसायला सारखी, पण पहिल्यात खूश होणारा जॉन, दुसऱ्यात खूश करणारा जॉन. चिनी भाषक विद्यार्थ्यांना ही जोडी मी फळ्यावर लिहून देते, कर्ता कुठे आणि करणारा कुठे ह्याच्या खुणा त्यांनाच करायला लावते, आणि मग "आय ॲम ईझी टु फर्गेट" शेजारी लिहून त्याच खुणा करायला सांगते. बाण उलटा निघाला की वर्ग आपणहून "आय फर्गेट थिंग्ज ईझिली"वर येतो. त्यानंतर "आर यू कन्व्हीनिअंट?"खाली तोच बाण काढून दाखवायला पाच मिनिटंही लागत नाहीत.